क्रमांक अठराचा पत्ता

या लेखात माझं वजन कुठेही लिहिलेलं नाही. किती किलो होते, किती झाले, दिवसाला काय काय खायचे, यातलं काहीच नाही. आजारी असताना मी असे लेख फक्त त्या आकड्यांसाठी वाचायचे आणि लिहिणारीपेक्षा आपण कुठे कमी पडतोय ते बघायचे. तुम्हीही त्यासाठी आला असाल तर मला तुमचा राग नाही, पण माझ्याकडून ते मिळणार नाही. बाकी सगळं सांगते.

माझं नाव प्रज्ञा. गाव वरणगाव. बाबा तिथल्या फॅक्टरीतून निवृत्त झाले, आई घर बघते, धाकटा भाऊ पुण्यात असतो. मी आहारतज्ज्ञ आहे. हसायचं असेल तर हसून घ्या. कोणी काय खावं हे सांगायची पदवी माझ्याकडे आहे आणि मी स्वतः पाच वर्षं नीट जेवले नव्हते.

सुरुवात जळगावला शिकत असताना झाली. महिनाभर स्वतःचं खाणं वहीत लिहून काढायचा प्रकल्प होता. बाकीच्या मुलींनी महिना संपल्यावर वही जमा केली आणि विसरून गेल्या. मी दुसरी वही आणली. दिवाळीत घरी गेले तर गल्लीतल्या बायका म्हणाल्या, किती छान बारीक झाली. त्यांचा काही दोष नाही, त्यांनी कौतुकच केलं. पण ते कौतुक मी जेवणाऐवजी खाल्लं, आणि ते पुरतंय असं मला वाटायला लागलं.

दोन खुर्च्या

पुढे धुळ्यात एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मला नोकरी लागली. तिथल्या प्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणतात, मुलामुलींच्या खाण्याच्या विकारांवर काम करत होत्या. या आजारात मुलं जेवण सोडतात, किंवा खूप खाऊन ओकून टाकतात, आणि घरच्यांना वाटतं नखरे चाललेत. सकाळी आम्ही रुग्ण बघायचो, दुपारी संशोधन. शनिवारी एसटीने जळगावला जायचं, तिथे एका लहान दवाखान्यात ओपीडी असायची.

एकाच माणसाने उपचारही करायचे आणि संशोधनही, हे सोपं नसतं. उपचार करणाऱ्याला समोरची मुलगी बरी व्हायला हवी असते, संशोधन करणाऱ्याला तिचं उत्तर नीट भरून हवं असतं. मॅडमनी यावर एक नियम केला होता आणि तो परवानगीच्या कागदातही घातला होता. ज्या फॉर्मवरची उत्तरं धोक्याची दिसतील, त्या मुलीला आठ दिवसांत तपासायला बोलवायचं. "फॉर्म कपाटात आणि पोरगी घरी उपाशी, असलं संशोधन मला करायचं नाही," असं त्या म्हणायच्या.

माझं काम त्यांना आवडायचं. मी कधी दांडी मारली नाही, कधी दमले म्हटलं नाही. विभागात सगळे एकत्र जेवायला बसले की मी फॉर्म तपासत बसायचे. मला ॲसिडिटी आहे, मी उशिरा जेवते, हे सगळ्यांना पाठ झालं होतं. थंडीत कोणाच्या तरी शेतावर वांग्याच्या भरताची पार्टी ठरायची. त्या दिवशी मला हमखास गावाला जायचं असायचं. तीन हिवाळ्यांनंतर मला विचारायचंच बंद झाले. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच दिवशी खोलीवर जाऊन मी रडले.

चुकलेला प्रश्न

आमची प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत आणायचं काम माझ्याकडे होतं. पहिलाच प्रश्न मी असा केला: गेल्या आठवड्यात तुम्ही रोज जेवलात का? पहिल्या खेपेला सगळ्या मुलींनी 'हो' लिहिलं. शाळेत प्रार्थनेला चक्कर येऊन पडलेल्या मुलीनेही 'हो'च लिहिलं.

मॅडमनी गठ्ठा बघितला आणि म्हणाल्या, "प्रज्ञा, हे तू विचारलंस की रामराम घातलास?"

त्या म्हणाल्या ते खरं होतं. आमच्याकडे जेवलीस का, हा प्रश्नच नसतो. माझ्या घरमालकीण सुमनअक्का खालच्या ओट्यावरून रोज हाक द्यायच्या, "जेवनी का वं बेटा?" आई वरणगावहून फोनवर पहिलं वाक्य तेच म्हणायची, "जेवली का?" त्यावर हो म्हणायचं असतं. नाही म्हणणं म्हणजे समोरच्याला उठून चूल पेटवायला लावणं. खानदेशात वाढलेली मुलगी हे कागदावरही करणार नाही. मी स्वतः दिवसातून तीनदा हो म्हणत होते आणि तरी हा प्रश्न फॉर्मवर घातला होता.

दुरुस्ती सुचवली ती एका रुग्ण मुलीने. तिचं नाव मी बदलून कोमल लिहिते. पंधरा वर्षांची, यावलची. आईवडील केळीच्या बागेत मजुरीला. शनिवारी ती आईबरोबर बसने जळगावला यायची, डबा घेऊन. उपचाराचा भाग म्हणून तो डबा माझ्यासमोर बसून खायचा असायचा. एक भाकरी संपवायला तिला तासभर लागायचा. मी चहाचा कप घेऊन समोर बसून राहायचे.

तिला मी तो प्रश्न दाखवला. ती म्हणाली, "ताई, हे तं कोनीबी इचारते. कोनासंग जेवली, हे कोनी इचारत नाई."

मी प्रश्न बदलला. काल दिवसभरात कोणाकोणाबरोबर बसून जेवलीस? नावं लिही.

मॅडमना तो इतका आवडला की त्यांनी पूर्ण विभागाला वाचून दाखवला. या आजारात माणूस आधी पंगतीतून उठतं, अन्न त्याच्या मागून सुटतं, असं त्या म्हणाल्या. सगळे माझं कौतुक करत होते. मी मान खाली घालून उभी होते.

विसावा फॉर्म

नव्या प्रश्नावलीची चाचणी नोकरदार महिलांच्या एका वसतिगृहातल्या वीस मुलींवर करायची होती. त्या दिवशी एकोणीसच आल्या. विसावी गावाला गेली होती. फॉर्मवर नाव नसतं, फक्त क्रमांक. कोणत्या क्रमांकाची मुलगी कोण, ही यादी माझ्या कपाटात कुलपात. परत धुळ्याच्या दुसऱ्या टोकाला कोण जाणार, म्हणून उरलेला फॉर्म आपणच भरून टाकावा असं मी ठरवलं. गावाला गेलेल्या मुलीचा क्रमांक अठरा होता.

ही लबाडी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. खोटी माहिती भरणं यापेक्षा वाईट गोष्ट संशोधनात नाही. माझा विचार असा की मधली मधली उत्तरं टिकवायची आणि मोकळं व्हायचं. पण पेन हातात घेतलं आणि पहिल्याच प्रश्नाशी अडकले. काल कोणाबरोबर जेवलीस? परवा? मी मागे मागे जात राहिले. शेवटचं नाव आईचं निघालं, आणि त्याला चार महिने झाले होते. मी त्या जागी रेघ मारली. मग पुढचं सगळं खरं लिहिलं. का लिहिलं ते नक्की सांगता येणार नाही. मला कोणी इतकं सविस्तर विचारलंच नव्हतं, आणि प्रश्न मीच तयार केलेले असले तरी ते कागदावर छापून आल्यावर दुसऱ्या कोणीतरी विचारल्यासारखे वाटत होते.

सोमवारी मॅडमनी गठ्ठा तपासला. एक फॉर्म बाजूला काढला.

"अठरा नंबर कोण आहे? लवकर बोलव. हिला आधी तपासायला हवं."

"बोलावते मॅडम," मी म्हणाले.

तिचा फोन लागत नाही

आठ दिवसांनी मी सांगितलं की अठरा नंबर वसतिगृह सोडून खोलीवर राहायला गेली आणि तिचा फोन लागत नाही. नंतर सांगितलं की लागला, पण ती नाही म्हणते. मग मॅडम विचारायला लागल्या, का नाही म्हणते? काय बोलली?

इथून पुढचं लिहायला मला लाज वाटते, पण तोच या लेखातला सगळ्यात खरा भाग आहे. मी अठरा नंबरच्या नावाने बोलायला लागले. "ती म्हणते, मला काही झालेलं नाही, मी कामाला जाते." मॅडम म्हणायच्या, तिला विचार, जिना चढताना मध्ये थांबावं लागतं का. मी संध्याकाळी माझा जिना चढायचे, मध्ये थांबायचे, आणि दुसऱ्या दिवशी सांगायचे, "हो म्हणाली मॅडम, थांबावं लागतं." "पाळी?" "बंद आहे म्हणाली." "घरी माहीत आहे?" "घरचे लांब असतात."

एकदा मी म्हणाले, "ती म्हणते, हे एवढंच मला नीट जमतं. हे सुटलं तर माझ्याकडे काही उरणार नाही."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तिला सांग, मी असं म्हणणाऱ्या मुली बऱ्या झालेल्या पाहिल्यात. त्यांच्याकडे बरंच काही उरलं. काही तर फार भांडकुदळ निघाल्या."

मी तो निरोप घेऊन खोलीवर आले. पाच वर्षांत माझ्याशी कोणी इतकं आपुलकीने बोललं नव्हतं, आणि हेसुद्धा माझ्याशी बोललेलं नव्हतंच. त्या तीन आठवड्यांसारखी एकटी मी आधी कधी नव्हते. रोज वाटायचं, आज सांगते. मग वाटायचं, सांगितलं की नोकरी गेली, इज्जत गेली, आणि कोमलसकट सगळ्या रुग्णांना कळणार की ही बाई फसवत होती. आणि दुसरी भीती त्याहून मोठी होती. सांगितलं की जेवावं लागणार.

चौथ्या सोमवारी मॅडम म्हणाल्या, "नवा पत्ता आहे ना तिचा? गुरुवारी दुपारी आपण दोघी जाऊ."

गुरुवार

मॅडमच्या गाडीत मी पुढे बसले. त्यांनी विचारलं, कुठे घेऊ? मी म्हणाले, देवपूरकडे. पूल ओलांडला. मॅडम कुठल्या तरी अहवालाबद्दल बोलत होत्या. मी हो हो करत होते. माझ्या मनात अजूनही पर्याय चालू होते. कुठल्याही दाराशी थांबवायचं, कुलूप आहे म्हणायचं. घर बदललं म्हणायचं.

"आता?"

"डावीकडे."

"इथून?"

"पिठाच्या गिरणीच्या पुढे. निळं गेट."

गाडी थांबली. ओट्यावर सुमनअक्का डाळ निवडत बसल्या होत्या. मला भरदुपारी बघून त्यांनी सवयीने विचारलं, "जेवनी का वं?" आणि मी सवयीने म्हणाले, "हो अक्का." मॅडम माझ्या मागेच होत्या.

मी जिना चढले, मध्ये थांबले, परत चढले. पर्समधून किल्ली काढली आणि माझ्या खोलीचं कुलूप उघडलं. मॅडम दारात उभ्या राहिल्या. मी म्हणाले, "मॅडम, हाच पत्ता आहे."

त्यांना आधीच कळलं होतं का, हे मी आजवर विचारलेलं नाही. त्या आत आल्या. गॅसकडे बघितलं. तो दुकानातून नुकताच आणलेला असावा तसा स्वच्छ होता. शेजारी अन्न मोजायचा छोटा काटा होता. त्या खाली चटईवर बसल्या आणि म्हणाल्या, "बस आधी."

मी बसले आणि सगळं सांगितलं. फॉर्मची लबाडीही. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, रागावल्याही नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "फॉर्मचं मी समितीला कळवणार. ते लपवता येणार नाही. त्याची शिक्षा वेगळी होईल आणि आजाराचे उपचार वेगळे होतील. दोन्ही एकत्र करू नकोस. उद्या सकाळी नऊला केसपेपर काढ, रांगेत उभी राहून."

"रांगेत कशाला मॅडम?"

"पेशंट रांगेत उभे राहतात."

केसपेपर

माझा निदानाचा दिवस म्हणजे तो शुक्रवार. केसपेपरच्या खिडकीवरचे पवारभाऊ मला रोज बघायचे. माझा नंबर आल्यावर त्यांना वाटलं मी कोणासाठी तरी आले आहे.

"नाव?"

"प्रज्ञा."

"पेशंटचं इचारतो, मॅडम."

"माझंच लिहा, भाऊ."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मग लिहिलं, वय विचारलं, आणि कागद देताना हळूच म्हणाले, "सहा नंबरच्या खोलीला गर्दी कमी शे." तेवढ्या शब्दांवर मी पुढचे चार तास काढले.

नाडी फार मंद निघाली, रक्तातला एक क्षार धोक्याच्या पातळीखाली. मला त्याच दिवशी दाखल करून घेतलं. मॅडम स्वतः माझ्यावर उपचार करणार नव्हत्या. मी त्यांच्या हाताखाली काम करते, ते बरोबर दिसणार नाही, म्हणून त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे सोपवलं. मला ते तेव्हा टाकून दिल्यासारखं वाटलं. आज त्यांचं बरोबर होतं असं वाटतं.

वॉर्डात बारा दिवस होते. सकाळी सहाला नाडी आणि रक्तदाब, आधी झोपून, मग उभं राहून. आठला नाश्ता. वॉर्डमधल्या मदतनीस मावशी समोर स्टूल टाकून बसायच्या आणि ताट संपेपर्यंत उठायच्या नाहीत. जेवणानंतर अर्धा तास बाथरूमला जायचं नाही. हे नियम मीच छापून भिंतीवर लावले होते. दुसऱ्या दिवशी मी मावशींशी पोळीच्या अर्ध्या तुकड्यावरून भांडले. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्हीच तं शिकवेल शे, आर्धा सोडू द्यावं नही." मी तोंड वळवून तो तुकडा खाल्ला. गिळताना फार भीती वाटत होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, पोळीचा तुकडा तर आहे. ज्याला हा आजार झाला नाही त्याला ही भीती मी समजावू शकत नाही, आणि समजावायचा प्रयत्न आता सोडला आहे.

एक सिस्टर मला काट्यावर नेहमी पाठमोरी उभी करायची आणि आकडा कागदावर लिहून कागद उलटा ठेवायची. एकदा माझ्याकडून मान वळली. तिने स्वतःचा तळहात त्या आकड्यावर धरला.

आईबाबा

आईबाबा दुसऱ्या दिवशी आले. भुसावळ, जळगाव करत, पिशवीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि भरीत. आईने मला बघितलं आणि पिशवी हातातच राहिली.

"माह्या हातचं इतकं वाईट लागत व्हतं का तुले?" एवढंच ती म्हणाली.

मी पन्नास वेळा सांगितलं की तुझा काही संबंध नाही. तिला ते पटलं नाही. आईने मुलीला खाऊ घालायचं असतं, मुलगी उपाशी राहिली म्हणजे आईचं चुकलं, हे तिचं गणित पक्कं आहे. त्या दिवसात मला तिचा राग यायचा. मी आजारी आणि समजूत मी हिची काढायची, असं वाटायचं.

बाबा फार बोलत नाहीत. तिसऱ्या दिवशी खिडकीकडे बघत म्हणाले, "तुह्या आजोबाले दुसऱ्याच्या दारातून शिळं आणून खावं लागलं. मी नोकरीला लागलो तवा ते म्हने, आता आपलं ताट आपलं. अन् तू ते ताट लोटून राहिली."

आमच्या घरात भरलेलं ताट ही मिळवलेली गोष्ट आहे, कोणी दिलेली नाही. मी ती पाच वर्षं वाया घालवली, या शरमेने त्या रात्री खरं तर अजूनच जेवू नये असं मला वाटलं. हा आजार शरमेवरही जगतो. आमच्या समाजातल्या एखाद्या मुलीला हे होत असेल तर तिला एवढंच सांगते, हे श्रीमंतांचं दुखणं आहे असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. मला झालं, कोमलला झालं.

घरी पाठवायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी अट घातली की एक तरी जेवण रोज कोणाबरोबर बसून व्हायला हवं. मला परत देवपूरच्या खोलीवर राहून तपासण्यांना यायचं होतं. आई महिनाभर राहिली, मग तिला जावं लागलं. ती गेल्यावर कोणाबरोबर जेवणार, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला एकही नाव सुचलं नाही. बाबा म्हणाले, "मी आहे ना. फोनवर."

बाबा आयुष्यभर फॅक्टरीच्या वेळेने साडेअकराला जेवले. निवृत्त झाल्यावरही पाच मिनिटं इकडची तिकडे केली नाहीत. आता ते एक वाजता ताट घेऊन बसायला लागले, कारण माझी वेळ एकची. फोन तांब्याला टेकवून ठेवायचे. बऱ्याचदा मला त्यांची हनुवटी आणि पंखा एवढंच दिसायचं. कधीतरी ते म्हणायचे, भाजी खारट झाली. एवढंच.

सुमनअक्का मात्र महिनाभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. "मी रोज इचारू अन् तू रोज खोटं बोले," असं त्यांनी एकदा सुनावलं. त्यांनी हाक मारणंच बंद केलं. मला त्याचं फार वाईट वाटलं.

रिकामे महिने

समितीने मला संशोधनातून काढलं. लेखी ताकीद मिळाली. माझा फॉर्म बाद झाला आणि पूर्ण चाचणी नव्याने घ्यावी लागली, सगळ्यांचे दोन महिने गेले. रुग्णांना भेटायलाही सहा महिने बंदी. मी मॅडमना म्हणाले, निदान आकडे तरी भरू द्या. त्या म्हणाल्या, "आकडे तर तुला मुळीच नको."

बरं होताना माणूस आनंदात असतं असं मला वाटायचं. तसं काही नव्हतं. आजार माझ्याबरोबर उठायचा, बसायचा, दिवसभर बोलायचा. तो गेल्यावर खोली फार मोठी झाली. दोन जेवणांच्या मध्ये काय करायचं हे मला माहीत नव्हतं. मैत्रिणी नव्हत्या, कारण मैत्री काहीतरी खातपीतच होते. विभागातल्या लोकांनी फोन केले, पण काय बोलावं हे त्यांना कळेना आणि मलाही. कपडे घट्ट व्हायला लागले तेव्हा एकदा मी पूर्ण दिवस अंथरुणातून उठले नाही. त्या आठवड्यात दोनदा जेवण चुकवलंही. एक वाजता बाबांना सांगितलं, नेट नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी खाली सुमनअक्कांना फोन केला. त्या धापा टाकत जिना चढून आल्या, दारात बसल्या आणि म्हणाल्या, "आते मन्हासमोर जेव." मी जेवले.

शनिवार

सात महिन्यांनी मी पुन्हा कामावर आले, अर्ध्या वेळेसाठी. पहिल्याच शनिवारी जळगावला कोमल होती. मधल्या काळात तिला एक नवी आहारतज्ज्ञ बघत होती. कोमल उंच झाली होती आणि बरी दिसत होती. मॅडमनी मला आधीच सांगितलं होतं की तिला खरं सांगायचं की नाही ते तू ठरव, पण खोटं सांगायचं नाही.

ती म्हणाली, "ताई, तुम्ही कुठी गेल्या व्हत्या?"

मी म्हणाले, "मी आजारी होते. तुला आहे तोच आजार. तुझ्यावर उपचार करत होते तेव्हाही होता."

तिने मान हलवली. "मले माहीत व्हतं."

"कसं?"

"तुमचा डबा रिकामा राहे. पिशवी टेबलावर ठेवली का वाजे."

मी तो डबा विभागातल्या लोकांना दाखवायला न्यायचे. कोणाला कळलं नव्हतं. मी विचारलं, मग तू कोणाला सांगितलं का नाहीस? आईला, मॅडमना?

"सांगतली असती तं तुम्हाले काढलं असतं. मंग मी कोनासंग जेवली असती?"

मला वाटत होतं, या आजारात मी फक्त स्वतःचं नुकसान केलं. पंधरा वर्षांची मुलगी दर शनिवारी स्वतःची भाकरीही खात होती आणि माझं गुपितही सांभाळत होती, आणि तुला हे जड जातंय का, असं तिला विचारणारं कोणी नव्हतं. मी तिची माफी मागितली. ती टेबलाच्या कडेला नखाने रेघा ओढत होती.

"तुम्ही जे सांगत व्हत्या, खा म्हनून, ते खरं व्हतं का?"

"खरं होतं. तुला सांगितलेलं सगळं खरं होतं. मला ते करता येत नव्हतं."

"आता येते?"

"बहुतेक दिवस येतं."

मी तिला सांगितलं की आता तिने माझ्याकडे यायचं की नव्या ताईकडे, हे तिच्यावर आहे, आणि मी वाईट वाटून घेणार नाही. हे शेवटचं तेवढं खरं नव्हतं. तिने बराच विचार केला. मग म्हणाली, "मी नव्या ताईकडेच जाते. तुमच्यासमोर बसली तं मी तुमचंच पाहत राहीन, तुम्ही खाल्लं का नाई ते."

ती डबा घेऊन शेजारच्या खोलीत गेली. भिंत पातळ आहे. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग नवी ताई काहीतरी म्हणाली आणि कोमल हसली. मी तिला कधी हसवलं नव्हतं.

एक वाजला होता. मला अजिबात भूक नव्हती. मी डबा उघडला आणि जेवले.